पंधराव्या वर्षी कॉलेज: लवकर आत गेलेल्या मुलांना वाट दाखवतं कोण?

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या कॉलेज रोडवर नव्या पाठपिशव्यांची गर्दी सुरू होते. वय पंधरा, फार तर सोळा. शाळेचा गणवेश सुटलेला असतो, हजेरी घेणाऱ्या बाई बदललेल्या असतात आणि घरी कुणी फोन केला की आई अभिमानानं सांगते, 'आता कॉलेजला जातो.' त्याच वयाचं, त्याच शहरातल्या सीबीएसई शाळेत शिकणारं मूल मात्र अजून शाळेतच असतं. तोच गणवेश, तेच वर्गशिक्षक.

'लवकर कॉलेजला जाणं' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दहाव्या वर्षी पदवी घेणारा एखादा बालप्रतिभावंत येतो. अशी मुलं असतात, त्यांच्याबद्दल पुढे पाहूच. पण महाराष्ट्रात लवकर कॉलेजला जाणं ही अपवादाची गोष्ट नाही. इथे दहावी पास होणारं जवळजवळ प्रत्येक मूल पंधराव्या-सोळाव्या वर्षी कॉलेजात जातं. प्रश्न असा की तिथे गेल्यावर त्याच्याकडे बघायला कोण असतं?

अकरावी शाळेत का नाही?

१९६४-६६ च्या कोठारी आयोगानं १०+२+३ असा आकृतिबंध सुचवला. त्याआधी महाराष्ट्रात अकरावीला मॅट्रिक व्हायचं आणि मग कॉलेज. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नवी रचना आली, तेव्हा मधली दोन वर्षं कुठे ठेवायची हा प्रश्न होता. काही राज्यांनी ती शाळांना जोडली. महाराष्ट्रात ती मोठ्या प्रमाणावर कॉलेजांना जोडली गेली आणि 'कनिष्ठ महाविद्यालय' हा शब्द रुळला. ज्युनियर कॉलेज.

यातून एक गंमत झाली, आणि तिचे परिणाम गंभीर आहेत. नाशिकचं एचपीटी-आरवायके घ्या किंवा केटीएचएम घ्या. ज्युनियर आणि सीनियर एकाच आवारात. पण कागदावर ही दोन वेगळी जगं आहेत. सीनियर कॉलेज विद्यापीठाच्या आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, छत्राखाली येतं. ज्युनियर कॉलेज राज्याच्या शालेय शिक्षण विभागाखाली आणि परीक्षेसाठी राज्य मंडळाच्या नाशिक विभागाखाली येतं. याच विभागात धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हेही आहेत.

आता कॉलेजातल्या मार्गदर्शनाच्या सरकारी योजना पाहा. नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजची ओळख करून देणारा 'दीक्षारंभ' हा उपक्रम यूजीसीनं २०१९ मध्ये आणला. ठरावीक मुलांमागे एक प्राध्यापक पालक म्हणून नेमायचा, ही मेंटॉरची पद्धत नॅकच्या मूल्यांकनात पाहिली जाते. हे सगळं पदवीच्या मुलांसाठी आहे, म्हणजे साधारण अठरा वर्षांच्या. शाळेची देखरेख दहावीला संपते आणि कॉलेजची तेरावीला सुरू होते. मधली दोन वर्षं, जेव्हा मूल सगळ्यात गोंधळलेलं असतं, तेव्हा ते कुणाच्याच यादीत नीट बसत नाही. चांगली ज्युनियर कॉलेजं स्वतःहून वर्गशिक्षक, पालकसभा, समुपदेशक अशी सोय करतात. पण ती त्या त्या कॉलेजची मेहेरबानी झाली.

पंधराव्या वर्षी नेमकं काय ठरतं?

बरंच काही. एक उदाहरण कल्पनेनं घेऊ. सुरगाणा तालुक्यातली एक मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला नाशिकला विज्ञान शाखेत यायचं आहे. घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही.

पहिली पायरी ऑनलाइन अर्जाची. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश नाशिक शहरात काही वर्षांपासून होतच होते, २०२५-२६ पासून ते राज्यभर लागू झाले. २०२५ च्या प्रक्रियेत एक ते दहा कॉलेजं पसंतीक्रमानं भरायची होती. त्यात एक कलम असं होतं की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यायलाच हवा, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे मैत्रिणीनं भरलं म्हणून आपणही तेच पहिल्या क्रमांकावर भरलं, आणि नंतर कळलं की तिथून वसतिगृह दहा किलोमीटरवर आहे, तर पंचाईत. सायबर कॅफेवाला अर्ज भरून देतो, सल्ला देत नाही. निदान त्यानं द्यावा अशी अपेक्षा नसते.

मग विषय. गणित ठेवायचं की जीवशास्त्र, की दोन्ही? राज्याच्या सीईटीतून इंजिनिअरिंगला जायचं तर भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. गणित अवघड वाटतं म्हणून जुलैत सोडलं की तो रस्ता तिथेच बंद होतो, आणि हे बऱ्याच मुलांना बारावीत कळतं. जीवशास्त्राच्या बाबतीत थोडी सूट आहे. बारावीनंतर तो जादा विषय म्हणून उत्तीर्ण होऊन नीट देण्याची वाट २०२३ मध्ये मोकळी झाली. त्यात पुन्हा 'बायफोकल' नावाचं प्रकरण आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा दोनशे गुणांचा विषय घ्यायचा आणि त्यासाठी दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडायचा. गुण चांगले पडतात म्हणून त्याला मागणी असते. कोणता विषय सोडतोय आणि पुढे तो लागणार आहे का, हे विचारणारं कुणीतरी तिथे हवं असतं.

आणि भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला अकरावी विज्ञानात पुस्तकं इंग्रजी, तास इंग्रजी. सेमी इंग्रजीवाल्यांना निदान 'फोर्स' आणि 'ॲसिड' ओळखीचे असतात. जिनं दहावीपर्यंत 'बल' आणि 'आम्ल' शिकलं, तिला पहिले तीन महिने विषय कळत नाही की भाषा कळत नाही, हेच कळत नाही. हुशार पोरगी स्वतःला ढ समजू लागते ती याच तीन महिन्यांत. ही गळती रोखायला मोठा खर्च लागत नाही. दोन्ही भाषांतली शब्दसूची आणि पहिल्या सत्रात आठवड्याला दोन जादा तास, एवढ्यानं खूप फरक पडू शकतो.

सल्ल्यासाठी सरकारी प्रयत्न झाले नाहीत असं नाही. राज्य मंडळानं २०१६ मध्ये श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीनं दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली होती. काही वर्षांनी ती थांबली. २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीनं 'महाकरिअर' पोर्टल आलं. पण चाचणीचा कागद आणि पोर्टल या दोन्हीला एक मर्यादा आहे. मूल घाबरलंय हे त्यांना दिसत नाही.

या पोकळीत शिरले ते क्लासवाले. 'इंटिग्रेटेड' नावाखाली कॉलेज नावापुरतं आणि दिवसभर क्लास, असा प्रकार इतका वाढला की २०१८ मध्ये राज्य सरकारला नाशिकसह काही विभागांत विज्ञान शाखेच्या ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. २०२४ च्या जानेवारीत केंद्रानं कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच द्यावा. क्लासमध्ये निदान कुणीतरी रोज विचारतं, हे पालकांना पटतं. ते चुकीचंही नाही. पण तिथला सल्ला बहुतेकदा एकाच परीक्षेचा असतो.

यापेक्षाही लवकर जायचं असेल तर?

आता अपवादाकडे येऊ. मूल खरंच पुढे आहे, आठवीतच बारावीचं गणित सोडवतंय. त्याला लवकर कॉलेजात घालता येतं का?

शाळेच्या दाराशीच वयाचा नियम आहे. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तिथून वर्षाला एक इयत्ता. नियमित शाळेतून हा हिशेब फारसा हलत नाही. वाट आहे ती मुक्त विद्यालयाची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, चौदाव्या वर्षी दहावीला आणि दहावीनंतर पंधराव्या वर्षी बारावीला प्रवेश देते.

म्हणजे सोळाव्या-सतराव्या वर्षी पदवीच्या वर्गात बसणं शक्य आहे. पण इथे असा एक पेच आहे जो घाईत असलेल्या पालकांना कुणीतरी आधी सांगायला हवा.

नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा वर्षं पूर्ण हवीत. लवकर बारावी झालेल्या मुलाला डॉक्टर व्हायचं असेल तर ते घरी बसून वाट पाहणार. एनडीएसाठी वय साधारण साडेसोळाच्या पुढे लागतं. आणि जेईई ॲडव्हान्सचं तर उलटंच आहे. तिथे किमान वयाची अट नाही, पण लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी मिळतात आणि घड्याळ सुरू होतं बारावीच्या परीक्षेपासून. वर्षभर आधी बारावी दिली की आयआयटीच्या दोन्ही संधी कमी वयात, कमी तयारीत संपून जातात. 'एक वर्ष वाचलं' असं वाटत असताना प्रत्यक्षात ते वर्ष खर्च झालेलं असतं.

त्यापेक्षा कमी धोक्याची वाट म्हणजे वय न ओलांडता अभ्यास पुढे नेणं. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीची पात्रता परीक्षा अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेलं मूल देऊ शकतं, प्रत्यक्ष प्रवेश बारावीनंतर. आणि पदवीला गेल्यावर वेग वाढवायची सोय यूजीसीनं २०२४ च्या अखेरीस मान्य केली. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रानंतर कॉलेजची समिती विद्यार्थ्याची कुवत पाहते, मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत मुलांना निवडते आणि त्यांना तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पूर्ण करता येते. चार वर्षांची असेल तर सहा किंवा सात सत्रांत. ज्याला जास्त वेळ हवा त्याला मुदत वाढवण्याची सोयही त्याच योजनेत आहे. तिची चर्चा कमी झाली, पण आपल्याकडच्या कॉलेजांत तिची गरज जास्त मुलांना पडेल.

एक शिडी मात्र काढून घेतली गेली. अकरावीच्या मुलांना मोठ्या विज्ञानसंस्थांच्या शिबिरांत नेणारी केव्हीपीवाय शिष्यवृत्ती २०२२ मध्ये स्वतंत्र योजना म्हणून बंद होऊन 'इन्स्पायर'मध्ये विलीन झाली. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा त्याआधीच थांबली होती. त्या मुलांना त्यातून पैशांपेक्षा मोठी गोष्ट मिळायची, ती म्हणजे आपल्यासारखी इतर मुलं भेटायची. त्यातलं थोडंफार आज होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ऑलिंपियाड शिबिरांत आणि १९६२ पासून काम करणाऱ्या पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांत मिळतं.

मालविकाला दार कुणी उघडलं?

मुंबईच्या मालविका जोशीची बातमी २०१६ मध्ये देशभर गाजली. तिनं सातवीच्या सुमारास शाळा सोडली होती, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं नव्हती, आणि सतराव्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीनं तिला घेतलं. बातमीचा मथळा इथे संपतो. पण मधली पायरी जास्त महत्त्वाची आहे. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिनं दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली. त्या तयारीच्या निमित्तानं चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधल्या प्राध्यापकांनी तिला पाहिलं, तिच्या पायात कुठे कच्चेपणा आहे ते ओळखलं आणि तिला तिथे एमएस्सीच्या पातळीचे विषय शिकता आले. आयआयटीचं दार बारावी नसल्यानं बंदच होतं.

यात हुशारी तिची होतीच. पण तिला नेमकं काय येत नाही हे सांगणारी माणसं मिळाली, हा त्यातला दुसरा अर्धा भाग. 'शाळा सोडली आणि एमआयटी मिळालं' अशी फॉरवर्ड करणारे तो भाग वगळतात.

निफाडचा मुलगा आणि दक्षिणा फेलो

नाशिक जिल्ह्यालाच एक जुना दाखला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. बालपण कोल्हापुरात गेलं आणि चौदाव्या वर्षी ते शिकायला मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आले. त्यानंतर वर्षभरात, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला ते बसले आणि १८६२ मध्ये पदवी घेणाऱ्या पहिल्या तुकडीत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांबरोबर तेही होते.

त्या काळात एक सुरेख व्यवस्था होती. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. तो निधी इंग्रजांनी पुढे शिक्षणाकडे वळवला आणि त्यातून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. म्हणजे जो विद्यार्थी पुढे गेला आहे त्यानं मानधन घेऊन मागच्यांना शिकवायचं आणि स्वतःचाही अभ्यास चालू ठेवायचा. रानडे आणि भांडारकर दोघेही असे फेलो होते. आज ज्याला 'सीनियर मेंटॉर' म्हणतात तो प्रकार महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी पगारी होता.

पण कुणी किती वाचावं यावर लक्ष ठेवणारं तेव्हाही नव्हतं. विद्यार्थिदशेतल्या अफाट वाचनानं रानड्यांच्या डोळ्यांवर ताण आला आणि अधू दृष्टीचा त्रास त्यांना पुढे आयुष्यभर राहिला.

बाहेर काय करतात?

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हॅल्बर्ट रॉबिन्सन यांनी १९७७ मध्ये पंधराखालच्या मुलांना थेट विद्यापीठात घ्यायला सुरुवात केली. थोड्याच काळात लक्षात आलं की मुलांना विषय झेपतात, पण वेळेचं नियोजन, लेखन आणि मोठ्यांच्या वर्गात हात वर करणं झेपत नाही. म्हणून मध्ये एक वर्षाची 'ट्रान्झिशन स्कूल' घातली गेली. छोटा गट, विद्यापीठाचेच शिक्षक आणि शंका घेऊन बसायला एक स्वतःची खोली. चीननं १९७८ मध्ये हेफेईच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात कमी वयाच्या मुलांसाठी वेगळा वर्गच काढला. दोन्हीकडे मूल एकटं आत सोडत नाहीत, गटानं सोडतात.

नाशिकमध्ये याच्या जवळ जाणारी एक गोष्ट २०२३ पासून सुरू आहे. मुलींसाठीची शासकीय सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था. दहावीनंतर निवड, दोन वर्षं निवास, अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी एकत्र. उद्देश वेगळा आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलीचा पूर्ण दिवस कुणाच्या तरी नजरेखाली असतो.

आणि शब्द शोधायचाच तर तोही नाशिकमध्ये तयार आहे. गंगापूर धरणाजवळच्या गोवर्धन इथल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात, १९८९ पासून, अभ्यासकेंद्रावर विद्यार्थ्याला भेटणाऱ्या शिक्षकाला प्राध्यापक म्हणत नाहीत, 'समंत्रक' म्हणतात. मुलानं पुस्तक घरी वाचून यायचं आणि संपर्कसत्रात समंत्रकानं त्याची अडचण सोडवायची. ही पद्धत उशिरा शिक्षणाकडे वळलेल्या मोठ्या माणसांसाठी घडवली गेली. पंधराव्या वर्षी कॉलेजात आलेल्या मुलाला ती तेवढीच उपयोगी पडेल.

पालकांनी काउंटरवर काय विचारायचं?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या शाळा, कॉलेज, कोचिंग आणि वसतिगृहं अशा सगळ्यांना लागू आहेत. म्हणजे ज्युनियर-सीनियरची ती कागदी भिंत इथे आड येत नाही. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. परीक्षेच्या आणि शैक्षणिक बदलाच्या काळात मुलांच्या छोट्या गटांमागे मार्गदर्शक नेमायचा. गुणांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत.

त्यामुळे प्रवेशाच्या वेळी फीची पावती घेताना 'समुपदेशक कोण आणि कुठल्या वारी भेटतात?' हा प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. 'माझ्या मुलाचा गटमार्गदर्शक कोण?' हाही विचारावा. विषय बदलायचा झाला तर शेवटची तारीख कोणती, हे त्याच दिवशी लिहून घ्यावं. उशीर होईल तितका बदल अवघड होत जातो.

मूल अठराच्या आत असेल तर कायद्यानं ते अज्ञान आहे, कॉलेजात गेलं तरी. 'अपार' ओळखक्रमांकासाठी पालकांची संमती लागते. पॉक्सो कायदा त्याला लागू राहतो. पदवीला गेलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाबाबत हे कॉलेजच्या कार्यालयालाही सांगून ठेवलेलं बरं, कारण त्यांचे बहुतेक अर्ज सज्ञान विद्यार्थी गृहीत धरून छापलेले असतात. ग्रामीण भागातून रोज ये-जा करणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो, तो कॉलेजच्या दाखल्यावरच निघतो. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांसाठी अर्ज वेगळा आणि अकरावीच्या प्रवेशयादीशी त्याची तारीख जुळेलच असं नाही. आयुक्तालय नाशिकमध्येच आहे.

मूल गप्प झालं असेल, जेवत नसेल, कॉलेजला जायचं नाव काढत नसेल, तर पुढच्या पालकसभेची वाट पाहू नये. 'टेली-मानस' ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. फोन मुलानंही करावा, आईवडिलांनीही.